सरधन्याचे इटालियन चर्च आणि सोलानीचा पूल

नोएडात राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाहून पाहुणे आले की सहलीचा कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस लाल किल्ला, कुतुबमिनार आणि अक्षरधाम, दुसरा दिवस आग्रा-मथुरा, आणि सुट्टी शिल्लक असेल तर हरिद्वार. हरिद्वारला जाताना गाडी मेरठवरून, खतौलीवरून, रुडकीवरून जाते. पण वाटेत थांबायचे ते फक्त चहाला. या वाटेवर एका इटालियन माणसाने बांधलेले दोनशे वर्षांपूर्वीचे चर्च आहे आणि नदीच्या डोक्यावरून दुसरी नदी नेणारा पूल आहे, हे फारसे कुणाच्या गावी नसते. या दोन्ही वास्तूंचा मराठी इतिहासाशी संबंध आहे, हे तर त्याहून कमी लोकांना माहीत असते.

मी रेल्वेच्या पूल विभागात नोकरी करतो. डिप्लोमा सिव्हिलचा. इतिहासाचा अभ्यास पदवीसाठी केला नाही. जे वाचले ते हौसेने आणि जे पाहिले ते ड्युटीच्या अधल्यामधल्या रविवारी. त्यामुळे या लेखात विद्वत्ता शोधू नये. आपल्या मंडळाच्या वाचकांना एक चांगली सहल सुचवावी आणि त्यामागची हकीकत सांगावी, एवढाच हेतू आहे.

सेक्टर ३८ मधला स्तंभ

हकीकत आपल्या दारातूनच सुरू होते. नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात एक दगडी स्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या परिसरात इंग्रज आणि शिंदे यांच्या फौजांची लढाई झाली, तिची आठवण म्हणून इंग्रजांनी तो १९१६ साली उभारला. इतिहासात हिला दिल्लीची किंवा पटपडगंजची लढाई म्हणतात. दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचे नेतृत्व लुई बुर्कां हा फ्रेंच अधिकारी करीत होता आणि इंग्रजांचा सेनापती होता जनरल लेक. शिंद्यांचा तोफखाना मोक्याच्या जागी पक्का बसलेला होता. लेकने आपल्या घोडदळाला माघार घेतल्याचा देखावा करायला लावला, शिंद्यांची फौज पाठलागासाठी मोर्चे सोडून पुढे आली आणि तिथेच डाव उलटला. त्याच आठवड्यात लेक दिल्लीत शिरला. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून दिल्लीच्या बादशाहीवर जो वचक बसवला होता, तो असा संपला.

पानिपत म्हटले की आपल्या मनात कालवाकालव होते, पण या लढाईचे नावही शाळेत कानावर पडत नाही. बारा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, दक्षिणेत जालना जिल्ह्यातील भोकरदनजवळ असईची लढाई झाली. तिथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. ३० डिसेंबर १८०३ रोजी अमरावती जिल्ह्यातील सुर्जी-अंजनगावला तह झाला आणि त्या तहाने गंगा-यमुनेच्या मधला सारा दुआब कंपनीकडे गेला. आपण आज ज्या जमिनीवर सोसायट्या बांधून राहतो, ती जमीन शिंद्यांच्या हातून निसटली ती वऱ्हाडातल्या एका गावी झालेल्या सहीने! आमच्या मंडळातल्या अमरावतीकरांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

समरूची बेगम

असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या बाजूने काही पलटणी अशा होत्या की त्यांची मालकीण एक बाई होती, आणि तिची जहागीर मेरठजवळ सरधन्याला होती. ही बेगम समरू. मूळ नाव फरझाना. जन्म १७५० च्या सुमारास, मेरठजवळच्या कोटाणा गावचा. वॉल्टर राइनहार्ट नावाचा युरोपियन भाडोत्री सरदार हिंदुस्थानात कधी या नबाबाची, कधी त्या राजाची चाकरी करीत फिरत होता. त्याच्या उदास चेहऱ्यामुळे त्याला ‘सोंब्र’ म्हणत. आपल्या लोकांनी त्याचे ‘समरू’ केले. फरझाना त्याच्या घरात आली आणि त्याच्या बरोबरीने छावणीत वावरू लागली. १७७८ मध्ये तो आग्र्याला वारला, तेव्हा फौजेने आणि बादशहाने तिलाच जहागिरीची मालकीण मानले. १७८१ मध्ये तिने आग्र्याला कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली आणि तिचे नाव जोआना झाले.

बाई नावालाच मालकीण नव्हती. १७८८ मध्ये गोकुळगडच्या वेढ्यात शाह आलम बादशहाच्या छावणीवर अचानक हल्ला झाला, तेव्हा ती स्वतः पालखीतून पलटणी आणि तोफा घेऊन धावून गेली. त्याच वर्षी गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले आणि महादजींनी त्या दुष्टाला पकडून शासन केले, हे आपण वाचलेले असते. त्या धामधुमीच्या काळात बेगम महादजींच्या पक्षाची होती. १७९५ मध्ये तिच्याच फौजेने बंड करून तिला कैद केले आणि जॉर्ज थॉमस या आयरिश सरदाराने तिला सोडवून पुन्हा गादीवर बसवले. एवढ्या उलथापालथी पाहिलेली ही बाई होती.

असईला तिच्या पलटणींकडे शिंद्यांची छावणी आणि सामान राखण्याचे काम होते. मुख्य मारामारीत त्या फारशा सापडल्या नाहीत आणि बऱ्याच अंशी शाबूत परतल्या. उत्तरेत दिल्ली गेलेली, दक्षिणेत असई गेलेली. बेगमने वारे ओळखले आणि ती लेकच्या छावणीत शरण गेली. तिथली एक गोष्ट सांगतात. जेवणानंतर खुशीत असलेल्या लेकने पुढे होऊन या ‘सरदाराचे’ चुंबनच घेतले. तिचे शिपाई चवताळले. तेव्हा तिने शांतपणे त्यांना सांगितले, की पाद्री आपल्या लेकीला असेच जवळ घेत असतो. प्रसंग असा सावरून नेणाऱ्या बाईची जहागीर टिकली नसती तरच नवल! १८०५ मध्ये कंपनीने तिच्याशी करार केला आणि सरधना तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहिले.

मंडळातल्या एका मित्राला मी ही हकीकत सांगितली तेव्हा तो चटकन म्हणाला, “म्हणजे फितूरच की!” मला तसे वाटत नाही. तिच्या पलटणी असईपर्यंत शिंद्यांबरोबर होत्या. रणांगणातून दगा देऊन त्या शत्रूला मिळाल्या नाहीत. दौलतरावांचे कित्येक युरोपियन अधिकारी मात्र लढाईच्या तोंडावर कंपनीचे पैसे घेऊन निघून गेले. ज्या फौजेचे अधिकारी पगारी आणि परके, तिचे असेच होणार. दोष द्यायचा तर त्या व्यवस्थेला द्यावा लागेल, आणि ती व्यवस्था आपल्याच धन्यांनी पत्करलेली होती. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे ते लिहिले पाहिजे.

चर्चची बांधणी

जहागीर सुरक्षित झाल्यावर बेगमने बांधकामे काढली. दिल्लीत चांदणी चौकात तिने हवेली बांधली. आज आपण विजेचे सामान घ्यायला ज्या भगीरथ पॅलेसच्या बाजारात जातो, तिथेच ती आहे. दुकानांच्या पाट्यांच्या आड उंच ग्रीक पद्धतीचे खांब अजून दिसतात. पण तिचे सर्वांत मोठे काम म्हणजे सरधन्याचे चर्च. काम १८०९ मध्ये सुरू झाले आणि १८२२ मध्ये पूर्ण झाले. खर्च सुमारे चार लाख रुपये आला. त्या काळचे चार लाख!

वास्तुविशारद होता तिच्याच फौजेतला मेजर अँटोनियो रेगेलिनी. हा उत्तर इटलीतल्या वेनेटो प्रांताकडचा. सोळाव्या शतकात पालाडिओ नावाचा थोर वास्तुविशारद त्याच मुलखात होऊन गेला. घरासमोर देवळासारखा खांबांचा दर्शनी भाग, मध्यावर घुमट आणि दोन्ही बाजूंना अगदी मोजून मापून सारखेपणा, ही त्याची रीत साऱ्या युरोपने उचलली. रेगेलिनी लहानपणापासून अशा इमारती पाहत वाढला असणार. सरधन्याला त्याने रुंद व्हरांडा आणि त्याला जाड खांब दिले, वर घुमट चढवले आणि मागच्या बाजूला दोन उंच निमुळते मनोरे उभे केले. दुरून ऊसाच्या शेतांवरून आधी हे मनोरेच दिसतात.

इमारत इटालियन असली तरी हात इथलेच होते, हे आत गेल्यावर कळते. वेदी पांढऱ्या संगमरवराची आहे आणि तिच्यात रंगीत दगड बसवून वेलबुट्टी काढली आहे. ताजमहाल पाहिलेल्या माणसाला ही कारागिरी लगेच ओळखू येते. वेदीवर घुमटातून उजेड उतरतो. दुपारी गेलात तर थोडा वेळ तिथे शांत बसून पाहा.

मला स्वतःला आवाराजवळची दोन मोठी तळी फार आवडली. दुआबात दगड नाही. जिथे खणाल तिथे गाळाची मातीच. म्हणून सगळी मदार विटांवर आणि चुना-सुर्खीवर. सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. चुन्यात कालवली की तो पाण्यातही घट्ट होतो. चर्चसाठी एवढी माती काढली की त्या खड्ड्यांची तळी झाली. रेल्वेचा भराव घालताना आम्ही रुळाच्या कडेची माती उचलतो आणि तिथे जे खड्डे राहतात त्यांना बॉरो पिट म्हणतो. तळ्याच्या काठी उभे राहिले की समोरची इमारत कुठून निघाली ते डोळ्यांना दिसते.

बेगम २७ जानेवारी १८३६ रोजी वारली आणि याच चर्चमध्ये तिचे दफन झाले. कंपनीने ताबडतोब जहागीर खालसा केली. तिचा वारस डाइस सोंब्र युरोपात गेला. त्याने रोममध्ये आदामो तादोलिनी या शिल्पकाराकडून तिचे स्मारक करवून घेतले. तादोलिनी हा प्रसिद्ध कानोव्हाचा शिष्य. कराराचा संगमरवर, अठरा फूट उंची, आणि अकरा पुरुषभर आकृत्या. सर्वांत वर बेगम बसली आहे, हातात बादशहाचे फर्मान. भोवती तिचा दिवाण राय सिंग, सरदार इनायतुल्ला, इटालियन बिशप ज्युलियस सीझर स्कॉटी आणि स्वतः डाइस सोंब्र. हिंदू दिवाण, मुसलमान सरदार आणि ख्रिस्ती बिशप एकाच दगडी चौथऱ्यावर उभे आहेत, आणि हे सगळे वजन रोमहून जहाजाने आणि पुढे देशातल्या देशात मेरठपर्यंत आणले गेले. तेव्हा इकडे रेल्वे नव्हती! आमच्या खात्यात एखादा गर्डर हलवायचा तर किती पत्रव्यवहार होतो, ते आठवून मी त्या लोकांना मनोमन नमस्कार केला.

१९५७ मध्ये इथे इटलीतल्या लिव्होर्नोजवळच्या मोंतेनेरोच्या मातेच्या चित्राची प्रतिकृती स्थापन झाली आणि १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी चर्चला ‘मायनर बॅसिलिका’चा मान दिला. नोव्हेंबरच्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक येतात, नवस बोलतात. बेगमच्या शेवटच्या महालात आज सेंट चार्ल्स इंटर कॉलेज भरते.

पाण्याचा पूल

सरधन्याजवळूनच अप्पर गंगा कालवा जातो. बेगमने तो पाहिला नाही. तो तिच्या मागून आला. ती वारली त्यानंतर लगेच, १८३७-३८ मध्ये दुआबात भीषण दुष्काळ पडला. सुमारे आठ लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. तेव्हा प्रॉबी कॉटली या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने हरिद्वारपासून गंगेचे पाणी कालव्याने कानपूरपर्यंत आणण्याची योजना मांडली. १८४२ मध्ये काम सुरू झाले आणि ८ एप्रिल १८५४ रोजी रुडकीला कालव्यात पाणी सोडले.

हरिद्वार ते रुडकी हा तुकडा सर्वांत अवघड. डोंगरातून उतरणारे ओढे-नद्या कालव्याला आडव्या येतात. इथे तीन वेगवेगळे उपाय केले आहेत. राणीपूर आणि पथरी हे ओढे कालव्याच्या डोक्यावरून नेले. धनौरीला रतमऊ नदी कालव्याच्याच पातळीवर आत घेऊन दरवाज्यांतून बाहेर सोडली. आणि रुडकीजवळ सोलानी नदीला खाली ठेवून कालवा पुलावरून नेला. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर एक ओव्हरब्रिज, एक लेव्हल क्रॉसिंग आणि एक अंडरब्रिज! वीस मैलांच्या आत तिन्ही प्रकार पाहायला मिळतात, म्हणून पुलांचे काम करणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी तिकडे जावे.

इटलीचा धागा इथेही आहे. उत्तर इटलीत बाराव्या शतकापासून कालव्यांची परंपरा होती. मिलानजवळचा मार्तेझाना कालवा तर पंधराव्या शतकातच मोल्गोरा नदीवरून तीन कमानींच्या पुलाने नेला होता. कंपनीने बेअर्ड स्मिथ या इंजिनियरला पीडमाँट आणि लोंबार्डीचे कालवे पाहायला पाठवले आणि त्याचा दोन खंडांचा अहवाल १८५२ मध्ये छापला. कॉटलीनंतर कालव्यांचा कारभार याच बेअर्ड स्मिथकडे आला. इटलीत सोय होती ती मुरलेल्या व्यवस्थेची. इथे नद्या पावसाळ्यात वेड्यासारख्या धावतात. त्यामुळे तिकडचे जसेच्या तसे उचलून चालणार नव्हते.

सोलानीच्या पुलाला पन्नास फुटांच्या पंधरा कमानी आहेत. वरून कालवा दोन पात्रांतून वाहतो, प्रत्येक पात्र पंच्याऐंशी फूट रुंद. आमच्या पुलावरून गाडी येते आणि जाते. तिचे वजन मोजून ठेवता येते. इथे दहा फूट खोल पाण्याचा भार रात्रंदिवस, वर्षानुवर्षे कमानींवर बसलेला आहे, शिवाय गळती होऊ द्यायची नाही. दोन्ही टोकांना बसलेले भले मोठे सिंह आहेत. मुलांना तेच जास्त आवडतात.

नीमचक आणि झाम

पण पुलाची खरी गंमत जमिनीखाली आहे. सोलानीच्या पात्रात खडक लागत नाही, वाळूच वाळू. तिथे पाया कसा घ्यावा? कॉटलीने इथल्या लोकांची जुनी पद्धत घेतली. वाळूवर आधी लाकडी चौकट किंवा कडे ठेवायचे, त्याला म्हणत नीमचक. त्यावर विटांचे बांधकाम करायचे आणि मध्ये विहिरीसारखी पोकळी ठेवायची. मग त्या पोकळीतून वाळू उपसत जायची. खालची वाळू निघाली की बांधकाम आपल्याच वजनाने खाली बसते. पाण्याखालची वाळू काढायला दोराने सोडायचे मोठे फावड्यासारखे हत्यार असे, त्याचे नाव झाम. सोलानीला वीस फूट लांब-रुंद आणि वीस फूट खोल असे ठोकळे, प्रत्येकात चार विहिरी, अशा रीतीने वाळूत उतरवले आणि त्यांवर खांब उभे केले.

उत्तर हिंदुस्थानातल्या गाळाच्या नद्यांवर रेल्वेचे पूल पुढे विहिरींच्या पायावरच उभे राहिले. आम्ही त्याला वेल फाउंडेशन म्हणतो. आज कड्याला पोलादी धार असते आणि झामाच्या जागी क्रेनचा पंजा असतो, पण तत्त्व तेच. विहीर एका बाजूला कलली की साइटवरच्या सगळ्यांची झोप उडते. मग उंच राहिलेल्या बाजूची माती जास्त काढायची, वजन ठेवायचे, हळूहळू सरळ करायची. हे पुस्तकात असते, पण विहीर कलते आहे हे सर्वांत आधी कळते ते खाली उतरलेल्या जुन्या खलाशाला. ज्या कारागिरांनी ही विद्या कॉटलीला दाखवली त्यांची नावे कुठल्या स्तंभावर कोरलेली नाहीत. रेगेलिनीचे नाव राहिले, कॉटलीचे राहिले. वेदीत रंगीत दगड बसवणाऱ्याचे आणि झाम ओढणाऱ्याचे राहिले नाही.

रेल्वेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पुलाच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती मातीचा भराव घालायचा होता. त्यासाठी रुळांवर वाघिणी चालवल्या आणि २२ डिसेंबर १८५१ रोजी त्या ओढायला ‘थॉमसन’ नावाचे वाफेचे इंजिन लावले. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे त्यानंतर सोळा महिन्यांनी. पहिल्या प्रवासी गाडीचा मान आपल्या बोरीबंदरचाच, त्याला धक्का नाही. पण मातीच्या वाघिणी ओढणारे इंजिन आधी रुडकीला धापा टाकत होते.

याच कालव्यासाठी माणसे तयार करायला १८४७ मध्ये रुडकीला इंजिनियरिंग कॉलेज निघाले. आज ती आयआयटी आहे. तिथे सुरुवातीपासून देशी सब-ओव्हरसियर शिकत. आम्हा डिप्लोमावाल्यांचे मूळ पुरुष तेच म्हणायला हरकत नाही.

कॉटलीचे सगळेच बरोबर आले असे नाही. त्याने कालव्याला उतार जरा जास्त दिला होता, त्यामुळे पाणी जोराने वाहून तळ खरवडू लागला आणि पुढे बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागल्या. तरीही कालवा चालू आहे. नोएडात आपल्या नळाला जे ‘गंगाजल’ येते ते मुरादनगरपाशी याच कालव्यातून घेतलेले असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कालवा सफाईसाठी बंद होतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची ओरड सुरू होते, हा अनुभव सर्वांचाच आहे. ते पाणी आपल्या टाकीत पोचण्याआधी सोलानी नदी ओलांडून आलेले असते.

श्रीगणेशा

शेवटी आपल्या उत्सवाला साजेशी एक गोष्ट. हरिद्वारला गंगेचे पाणी अडवण्याला तिथल्या पंड्यांचा विरोध होता. गंगा बांधली गेली तर तिचे पावित्र्य कसे राहील, हा त्यांचा प्रश्न. कॉटलीने त्यांचे म्हणणे धुडकावले नाही. बांधात गंगेला अखंड वाहता येईल अशी मोकळी वाट ठेवली, स्नानाचे घाट दुरुस्त करून देण्याचे मान्य केले, आणि कामाचा प्रारंभ गणेशपूजन करून केला! आज आपण ज्या घागरीने बाप्पाला स्नान घालतो, तिच्यातल्या पाण्याच्या वाटेचा श्रीगणेशाही अक्षरशः असाच झाला होता.

तेव्हा यंदा विसर्जनानंतर, थंडी पडायला लागली की, एखादा रविवार काढावा. सरधना मेरठच्या वायव्येला सुमारे वीस किलोमीटर आहे. रेल्वेने जायचे तर दौराला स्टेशन जवळ पडते. चर्च हे चालते प्रार्थनास्थळ आहे, म्हणून आत मोठ्याने बोलू नये आणि रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी फिरायला जाऊ नये. मुक्काम करायचा तर दुसऱ्या दिवशी रुडकीला सोलानीचा पूल पाहून परतावे. शक्य झाल्यास नदीच्या पात्राकडे उतरून कमानी खालून पाहाव्यात. आणि निघण्यापूर्वी मुलांना सेक्टर ३८ मधल्या त्या स्तंभाबद्दल सांगावे. तो इंग्रजांच्या विजयाचा आहे हे खरे, पण त्या दिवशी तिथे आपल्या बाजूने पडलेल्यांची आठवण ठेवायला नोएडात दुसरी खूणही नाही.

सर्व मंडळींना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!